उपासाला काय चालतं

समुपदेशक बाईंनी दिलेल्या वहीत पाच रकाने आखलेले होते. वेळ, काय खाल्लं, किती, कुठे आणि शेवटचा, कोणासमोर.

पहिले चार समजले. पाचव्यावर बोट ठेवून मी विचारलं, "म्हणजे कोणाबरोबर?"

"बरोबर नाही. समोर," त्या म्हणाल्या. "कोणी बघत होतं का, एवढंच."

मी मान हलवली. बोलायचं नसलं की मी मान हलवते. शेजारच्या खुर्चीत मम्मी पर्समधला रुमाल काढून पुन्हा आत ठेवत होती.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी हॉस्पिटलात ज्या तपासण्या करतात, त्यातली ही एक. बाकीच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या, पोटात नळी घालून बघायच्या. ही एकटीच अशी होती की तिच्यात आपणच लिहायचं आणि तरीही नापास होऊ शकायचो, कारण या बाईंची सही नसेल तर सर्जन ऑपरेशनला घेत नव्हते. आम्ही राहात्याहून सकाळच्या एसटीनं निघायचो, कोल्हार, राहुरी करत नगरला पोचायचो आणि संध्याकाळी परत यायचो. घरी पप्पा थांबायचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत आणि सुट्टी मागताना कारण सांगावं लागतं.

मी सव्वीस वर्षांची होते. शुगर निघाली होती, झोपेत श्वास अडकत होता. माझ्या आत्याच्या पायाची दोन बोटं शुगरनं नेली, ती मी पाहिली होती, म्हणजे नसलेली बोटं पाहिली होती. तिची चप्पल पुढून रिकामी राहते. मला ऑपरेशन हवं होतं ते त्या चपलेमुळे. बारीक दिसण्याबद्दल लोक माझ्या वतीनं इतकी वर्षं बोलत होते, की मला त्यात घालायला काही उरलं नव्हतं.

"मराठीत लिहिणार की इंग्लिशमध्ये?" बाईंनी विचारलं.

"इंग्लिश कम्फर्टेबल आहे." माझी शाळा इंग्लिश मीडियम. मराठी गुरुजींची मुलगी इंग्लिश मीडियमला, यावर आमच्या गल्लीत पुरेसं हसून झालेलं आहे.

त्यांनी नमुन्याच्या पानावर एक दिवस लिहून बघायला सांगितलं. मी आदल्या दिवशीचा लिहिला. दुपारी चारच्या ओळीत लिहिलं, लाइट स्नॅक.

"हे मराठीत सांग."

मी बराच वेळ शोधलं. हलका अल्पोपाहार वगैरे सुचलं, पण तसं घरात कोणी बोलत नाही. शेवटी जे झालं होतं तेच सांगावं लागलं. "फरसाण. अर्धी पिशवी. ओट्यापाशी, उभ्यानं."

"मग मराठीतच लिही," त्या म्हणाल्या. "इंग्लिशमध्ये तू फार नीटनेटकी दिसतेस."

मला राग आला नाही, हे मला आठवतं. उलट एखाद्या यंत्राचं झाकण उघडून कोणीतरी आतलं चाक दाखवावं, तसं वाटलं. निघताना त्या म्हणाल्या, "खाल्लंस तर आपण बघू काय करायचं. लपवलंस तर मी सही करणार नाही." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत, बसचं वेळापत्रक सांगावं तसं म्हणाल्या.

तीन आठवडे मी लिहिलं. शब्द अडले की पप्पांना विचारायचे. "'उभ्याउभ्या' एकत्र लिहितात का?" पप्पा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "एकत्र." थोड्या वेळानं म्हणाले, "खुर्ची आहे स्वयंपाकघरात."

लिहिता लिहिता मला आमच्या घरातले शब्द ऐकू यायला लागले. माझ्याकडे 'हंग्री' हा एकच शब्द होता आणि तो मी सगळीकडे वापरायचे. मम्मीकडे कितीतरी. भूक लागली म्हणजे वेगळं, तोंड चाळवलं म्हणजे वेगळं, खा-खा सुटली म्हणजे आणखी वेगळं. ती हे शब्द कधी चुकवत नाही. पप्पांना ती म्हणायची, "तुम्हाला भूक नाही लागलेली, नुसतं तोंड चाळवलंय, पेरू खा." मी मागच्या पानावर तिचे शब्द उतरवत गेले, आणि माझी दुपारची चारची ओळ यातल्या कशात बसते ते बघत राहिले. एकातही नीट बसेना. त्या वेळी मी कामाच्या लॅपटॉपपुढे, कॅमेरा बंद ठेवून, सहा तास कोणाकोणाच्या तक्रारींना लेखी उत्तरं देऊन उठलेली असायचे. त्याला मम्मीकडेही शब्द नव्हता.

पाचव्या रकान्यात तीन आठवडे दोनच गोष्टी आलटून पालटून आल्या. जिथे 'सगळ्यांसमोर' होतं, तिथे अर्धी पोळी, चमचाभर भात. जिथे फरसाण, शेव, गार भात, साय होती, तिथे 'कोणी नाही'.

दुसऱ्या फेरीत बाईंनी ते पान माझ्याकडे फिरवून ठेवलं. मीही वाचलं. दुसऱ्या कोणाची तरी वही वाचावी तसं.

त्याच दिवशी सर्जननी सोनोग्राफी दाखवली. माझं लिव्हर सुजून जठरावर पसरलं होतं. जठर हा शब्द मी पहिल्यांदा हॉस्पिटलच्या फॉर्मवर वाचला आणि मम्मीला विचारला, तर ती म्हणाली, "जठराग्नी म्हणतात ना, तो पेटतो ती जागा." ती जागा उभी कापून केळ्याएवढी ठेवायची होती. पण लिव्हर आकसल्याशिवाय दुर्बीण आत फिरवायला वाव नव्हता. म्हणून चौदा दिवस फक्त पातळ. ताक, डाळीचं वरचं पाणी, गाळलेलं सूप, पाण्यात कालवलेली प्रोटीनची पावडर.

"काही विचारायचंय?" सर्जन म्हणाले.

मला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारावं की नाही यात मी इतका वेळ घेतला की ते दुसरी फाइल उघडायला लागले. "कापलेला भाग तुम्ही काय करता?"

ते हसले. म्हणाले, तपासायला लॅबमध्ये पाठवतो. मग फाइल मिटून नीट बसले आणि सांगितलं, की भूक लावणारं एक रसायन बरंचसं त्याच भागात तयार होतं, त्यामुळे नंतर काही महिने अनेकांना भूक फारशी जाणवतच नाही. परतीच्या बसमध्ये मी हाच विचार करत होते. जी गोष्ट जाणार, ती आहे तोवर नीट बघून तरी घ्यावी.

घरी आल्यावर मम्मीनं कपाटातून माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा काढला. आहारतज्ज्ञ म्हणाल्या होत्या, नंतर लहान वाटीतून, लहान चमच्यानं खायची सवय आधीपासून करा. वाटी काळी पडली होती. मम्मी ती चिंचेनं घासत बसली. ती रडते आहे का, हे मी बघितलं. रडत नव्हती. वाटीत किती मावतं ते पाण्यानं मोजत होती.

पातळ आहाराच्या चौथ्या दिवशी आमच्या शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण होता. काकूंची पेरूची बाग आहे, रस्त्यावर त्या स्वतः टोपली घेऊन बसतात, आणि आमच्या दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून रोज काही ना काही इकडे येतं. प्रसादाचा द्रोण माझ्या हातात आला. प्रसादाला नाही म्हणायची सोय नसते. मी तो धरून उभी राहिले, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून पप्पांच्या हातात सरकवला.

लक्ष होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी काकूंचा आवाज आला. मी आत खिडकीशी होते.

"मास्तरीणबाई, पोरगी आजारी हाय का? परसाद बी खाल्ला न्हाई तिनं."

"उपास आहेत तिचे," मम्मी म्हणाली.

"कशाचे?"

"सोमवारचे."

"सत्यनारायन तर काल गुरवारी झाला."

"गुरुवारचे पण."

"आन मधले वार?"

मम्मीनं दम घेतला. "सलग आहेत, आक्का. चौदा दिवस. कडक."

"अगं बया! कोन्या देवाला बोलली म्हनायची?"

"ते सांगायचं नसतं."

यात मम्मीचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. लग्न न झालेल्या मुलीच्या पोटाचं ऑपरेशन म्हटलं की आमच्याकडे लोक विचारत नाहीत, अंदाज करतात. शिवाय मला ते सोयीचंच होतं. मी खिडकीपासून मागे सरले आणि मला हायसं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवते.

पण काकू उपासाच्या बाबतीत तालुक्यातल्या जाणकार. जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही, हळद तर अजिबात नाही, हे त्या कोणालाही अडवून सांगतात. अशा बाईच्या शेजारी कडक उपास चालू असल्यावर काय होणार, हे आम्हा दोघींना सुचायला हवं होतं. त्याच दिवशी भिंतीवरून साबुदाण्याची खिचडी आली. मग रताळ्याचा कीस. मग राजगिऱ्याचे लाडू, "रिकाम्यापोटी चक्कर येती, पोरीच्या जातीनं जपावं" या निरोपासह. ज्या पदार्थांनी लिव्हर फुगतं ते सगळे उपासाला चालतात, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. पप्पा रोज सकाळी ते खाऊन शाळेत जायचे. "उपास मलाच घडतोय," ते म्हणाले. "पुण्य कोणाच्या खात्यावर जातंय, तेवढं बघा."

मी ताक पीत भूक बघत होते. ती अकराच्या सुमाराला यायची. मी काही न करता बसून राहिले तर वीस मिनिटांनी जायची. हे मला नवीन होतं. माझा समज होता की ती आली की वाढतच जाते. मी मागच्या पानावर तिच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपल्या. आठव्या दिवसापर्यंत आमची चांगली ओळख झाली होती.

आठव्या दिवशी मम्मी बाजारात गेली होती. काकू भिंतीवरून न देता थेट दारातून आल्या, हातात दोन पुडाचा डबा. एकात भगर, दुसऱ्यात शेंगदाण्याची आमटी.

"बस," त्या मला माझ्याच स्वयंपाकघरात म्हणाल्या. "माझ्याम्होरं खा. रिकामा डबा घिऊनच जाते."

"काकू, मी नंतर…"

"नंतर काय नंतर? गार भगर गळ्याखाली उतरत न्हाई."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मान हलवली, आणि त्यांनी ती होकाराची धरली. ताट त्यांनीच घेतलं. आमटी गरम होती, तिच्यात कोकम आणि हिरवी मिरची होती, आणि आठ दिवसांनी माझ्या दातांना काहीतरी लागलं. मी खाल्लं. त्यांनी पुन्हा वाढलं, मी तेही खाल्लं. त्या समोर पाटावर बसून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून बघत होत्या. मी त्यांच्या बघण्याची वाट बघत होते, म्हणजे नेहमीच्या बघण्याची, ताटाकडून अंगाकडे आणि अंगाकडून ताटाकडे जाणाऱ्या. तसं बघणं आलं नाही.

"कशी झ्याक जेवती गं," त्या म्हणाल्या. "सात वर्सं झाली मला हितं येऊन. कार्यात, हळदीकुंकवाला, कवाबी बघावं तर तू चिमनीवानी दोन दानं टिपती न उठती. मला वाटायचं, इंग्लिस शाळेतली पोरगी, आमच्या हातचं गोड लागत न्हाई तिला."

मी मान हलवली नाही. "तसं नाही काकू," एवढं म्हणाले.

डबा घेऊन त्या गेल्या. मी वही काढली. वेळ लिहिली आणि थांबले. पुढे 'ताक, एक ग्लास' लिहिलं असतं तर ओळीत अगदी नेमकं बसलं असतं. मी काहीच लिहिलं नाही. पुढचे दिवस नीट पाळले, त्यांच्या ओळी भरल्या, आणि ही मध्येच दात पडल्यासारखी रिकामी राहिली.

बाराव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी आणि सहीसाठी आम्ही नगरला निघालो. राहुरीच्या पुढे मम्मीनं वही चाळायला घेतली.

"ही ओळ?"

"काकूंची भगर खाल्ली मी."

मम्मी खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "एकदाच तर खाल्लीस. ताक लिही. आता दोन दिवसांवर आलंय सगळं."

मी तिला म्हणाले, "आपण काकूंना उपास सांगितला म्हणून त्यांनी भगर आणली. इथे पण खोटं काही सांगितलं तर डॉक्टर पण त्याला धरूनच काहीतरी देतील."

असं लांब वाक्य मी घरात सहसा बोलत नाही. मम्मीनं पर्समधून पेन काढून दिलं. बस हादरत होती. मी लिहिलं, भगर, दोनदा वाढून. आमटी, तीन वाट्या. स्वयंपाकघरात, बसून. काकूंसमोर.

सोनोग्राफीत लिव्हर कमी झालं होतं, पण पुरेसं नाही. सर्जन म्हणाले, अजून दहा दिवस पातळच, मग पुन्हा बघू. मी भगरीबद्दल विचारलं. एका जेवणानं एवढा फरक पडत नाही, ते म्हणाले, काहींना वेळ लागतो. ठरलेली तारीख गेली. जिन्यात मम्मी म्हणाली, "बघ, ती भगर नडली." मला वाटलं, आता समुपदेशक बाईही तेच म्हणतील.

त्यांनी वही वाचली. "अक्षर असं का?"

"बसमध्ये लिहिलं."

"आज?"

"आज."

त्यांनी पाचव्या रकान्यावरून बोट खाली नेलं. वरच्या सगळ्या 'कोणी नाही'च्या खाली ते एक 'काकूंसमोर' होतं. त्यांनी फॉर्म ओढला आणि सही केली. इतक्या सहज की माझी ती बघायचीच राहून गेली. मग टोपण लावत म्हणाल्या, "या काकूंना माहितीये?"

"नाही. त्यांना वाटतं उपास आहेत."

"ऑपरेशननंतर सहा महिने तू चार-चार चमचे खाशील. भिंतीवरून डबे येतच राहणार. तेव्हा कोणता उपास सांगणार आहात?"

मम्मी पर्समधला रुमाल काढायला लागली. मला याचं उत्तर शोधावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या बागेत गेले. त्या पेरू निवडत होत्या, रस्त्यावर न्यायचे एका बाजूला, टोचलेले दुसऱ्या. मी वाटेत तीन वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकच आलं.

"काकू, माझे उपास नाहीत, माझं ऑपरेशन आहे, पोट लहान करायचं."

त्यांचा हात थांबला. "मंग परसाद?"

"पप्पांनी खाल्ला."

"आन खिचडी? लाडू?"

"पप्पांनी."

"तरीच मास्तर उजळलेत!" त्या हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाशी नेऊन थांबल्या. "आन भगर म्या कोंबली तुझ्या तोंडात. काय बिघडलं का?"

"नाही. ती मी खाल्ली. मला आवडली."

त्यांनी एक पेरू उचलला, ठेवला. मी चांगलं-वाईट काहीतरी ऐकायची तयारी केली. त्या जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोट कापत्यात, व्हय? मंग कापल्यालं काय करत्यात?"

मला इतकं हसू आलं की मी शेजारच्या बांधावरच बसले. त्यांना सगळं सांगितलं. लॅब, केळ्याएवढी नळी, भूक लावणारं रसायन, लिव्हर, वही आणि सही करणाऱ्या बाई. हातानं हवेत आकार काढून दाखवले. त्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले आणि ते माझ्यापेक्षा बरे होते. भूकच लागली नाही तर जेवायची आठवण कशी राहायची? घड्याळ लावायचं का? पाणी पण पोटात जागा अडवतं का? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती, ती मी मागच्या पानावर लिहून घेतली, पुढच्या फेरीत विचारायला.

"गावाला सांगू नगं म्हनत आसशील तर न्हाई सांगनार," त्या उठताना म्हणाल्या. "पन मला लिवून दे. काय चालतं, काय न्हाई. मराठीत लिव, म्हंजी मला वाचता यील."

मी रात्रीच्या जेवणाआधी यादी लिहिली, पप्पांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. काकूंनी ती त्यांच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवली, एकादशी-चतुर्थीच्या तारखांशेजारी.

सकाळी अकराला भिंतीवरून ताक आलं. पातळ, दोनदा गाळलेलं, त्यात फक्त मीठ आणि जिऱ्याची पूड. कोथिंबीर नव्हती. "उपासाला चालत न्हाई म्हनून न्हवं," काकू म्हणाल्या. "गाळनीत आडकती म्हनून."

मी चांदीच्या वाटीत ओतून चमच्यानं घ्यायला लागले. त्या भिंतीवर कोपरं टेकून उभ्या होत्या. वाटी संपायला पंधरा मिनिटं लागली. मग मी तिथेच, भिंतीवर वही ठेवून, ओळ भरली.

"माझं नाव लिवती का त्यात?" त्यांनी वाकून बघितलं.

"नाही. नुसतं 'काकू' लिहिते."

"बास की. कोन काकू, त्या बाईला काय करायचंय." त्यांनी भांडं उचललं. "उद्या डाळीचं पानी आनते. हिंग चालतो का, तेवढं लिवायचं ऱ्हायलंय तुझं."